बेचाळिसाचा फेरा

"पण मीच का?" मियोनं तिसऱ्यांदा विचारलं. "टाकलेलं पोर उचलायला भरल्या घरची बाई बघतात, तोवाताई. माझं तर महिन्यापूर्वी पाळण्यातूनच गेलं. त्यात यंदा मला तेहेतिसावं लागलंय. बाईला याहून वाईट वर्ष नाही."

"तूच," तोवा म्हणाली आणि तोंडाला फडकं लावून खोकली. "मेली थंडी बाधलीय."

शेजारणीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तोवाचा नवरा कानेमात्सु नव्या वर्षात बेचाळिसाचा झाला होता. पुरुषाचं सगळ्यांत घातकी वय. शरदात जन्मलेला त्यांचा तामेजी जन्मताच एक वर्षाचा धरला गेला आणि वर्ष पालटताच दोनचा. दोघांची बेरीज चव्वेचाळीस, चारावर चार, आणि 'चार'चा उच्चार तर मरणासारखाच! लग्नात कुणी चार पेलेसुद्धा देत नाही, तिथं हे कोण चालवून घेणार? असं पोर एक तर बापाला गिळतं, नाहीतर स्वतः जातं.

उपाय ठरलेला होता. पोर सुपात घालून तिठ्यावर टाकायचं. ठरलेल्या बाईनं ते उचलायचं आणि आईबापांच्याच दारात जाऊन म्हणायचं, पोर सापडलंय, सांभाळता का? ते हो म्हणाले की पोर परक्याचं ठरलं आणि नशीब फसलं. नशीब आकडेमोडीत पक्कं असलं तरी माणसं ओळखण्यात मठ्ठच असणार.

"आणि घेऊन पळाले तर?" मियोनं चेष्टा केली.

तोवा हसली नाही. "पळालीस तर नीट गुंडाळून ने. वारा लागेल त्याला."

हल्ली ती फारशी हसत नसे. रेशमाच्या गिरणीतून क्षयानं छाती पोखरून परत आलेल्या थोरल्या बहिणीचं शेवटपर्यंत तिनंच केलं होतं, आणि बहिणीला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

सकाळी तिठ्यावर बर्फ गुडघाभर होतं. कानेमात्सुनं देवाच्या दगडापाशी सूप ठेवलं, हात जोडले आणि बायकोची बाही धरून तिला ओढतच नेलं. मागं वळून पाहायचं नसतं. तोवानं दोनदा पाहिलं.

झाडाआडून मियो धावली. घटकाभरासाठी टाकायच्या पोराला तोवानं तीन कपडे चढवले होते आणि उशाला आणखी चार-पाच बांधून ठेवले होते. आईची माया वेडीच, मियो मनाशी म्हणाली. तामेजीनं तोंड उघडलं आणि तिच्या छातीत कळ आली. तोवाचं दूध कधीच आटलं होतं, पोर पेजेवर होतं. मियोचं मात्र आटायचं नाव घेत नव्हतं. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि त्याला अंगावर घेतलं.

तो अधाशासारखा प्यायला, आणि मियो हुंदके देऊन रडली.

तिठ्याची एक वाट खाली स्टेशनाकडे जात होती. नवरा डोंगरात कोळशाच्या भट्टीवर. दुपारपर्यंत कुणी विचारणार नव्हतं. मियो त्या वाटेनं चालू लागली. वीस पावलं, पन्नास पावलं. पोर तिच्या बोटाला धरून झोपलं होतं. तिथं दारात तोवा उभी असेल, रस्त्याकडे डोळे लावून. रिकामा पाळणा कसा दिसतो ते मियोला कुणी सांगायला नको होतं. ती थांबली, स्वतःला चार शिव्या घातल्या आणि माघारी फिरली.

तोवाच्या घराचं दार बंद होतं. मियोला नवल वाटलं. तिनं डोळे पुसले, आवाज सावरला.

"घरात कोण आहे का? तिठ्यावर पोर सापडलंय. सांभाळता का?"

आत कुणीतरी खोकलं. मग दुसरं कुणीतरी, जड पुरुषी आवाजात, बराच वेळ.

"ताई, दार उघड ना. गारठलाय तो."

अडसर हलला नाही. लाकडापलीकडे, अगदी जवळून, तोवाचा आवाज आला.

"आमचं कुणाचं पोर हरवलेलं नाही, मियो. ज्याला सापडलं त्याचं ते." ती थांबली. "त्याला डाव्या कुशीवर निजवत जा. तसाच झोपतो."