जांभळी ओढणी

शाळेत ‘मी आणि माझी बाहुली’ स्पर्धा होती. शिवणकाम करणाऱ्या शालनताईंची जुई आणि तिची बाहुली सारख्याच जांभळ्या रेशमी झग्यांत मंचावर आल्या. प्रेक्षकांत बसलेल्या वृंदाच्या मनात पाल चुकचुकली. याच कापडाचा ड्रेस तिनं शालनताईंकडून शिवून घेतला होता.

“माझ्या कापडातलं किती काढून घेतलंत?” तिनं सगळ्यांसमोर विचारलं.

शालनताईंचा चेहरा उतरला. “वहिनी, हे झगे तुमच्याच ओढणीचे. नवं कापड घेणं मला जमत नव्हतं. ‘आईनं दिलीय’ म्हणत तुमच्या मृण्मयीनंच आणली.”

वृंदानं ओढणी दिलीच नव्हती. तिनं लेकीकडे पाहिलं. मृण्मयी जुईचा हात घट्ट धरून रडवेली उभी होती.

“अगंबाई, मीच पाठवली होती की! विसरलेच,” वृंदा मोठ्यानं म्हणाली. “माफ करा, शालनताई.”