फिर्मिनला ओळखणारी बाई

“थांबा हो ताई, नीट सांगा. टोपी कसली?” टपरीवालीने उकळत्या तेलातली जाळी वर उचलून झटकली.

“चौकड्यांची. आणि मिशा पांढऱ्या,” गोदेलीव घाईघाईने म्हणाली. तिचा नवरा मागे पुलावर उभा राहून नदीचे फोटो काढत होता. “नाव फिर्मिन. गेंटमध्ये शिकायला होता तेव्हा रोज संध्याकाळी इथे फ्राइज खायला यायचा. ही टपरी चालवणारी रोझान कुठे भेटेल?”

“रोझान माझी मावशी. देवाघरी गेली, त्याला खूप वर्षं झाली.”

गोदेलीवचा चेहरा पडला. सकाळपासून बेल्जियममधल्या या शहरात फिर्मिनला कुणी म्हणून कुणी ओळखलं नव्हतं. कॉलेजच्या दारावरच्या माणसाने त्याला ‘पर्यटकांची रांग पलीकडे’ म्हणून हात दाखवला होता. तो खोली घेऊन राहायचा त्या घरात आता दाताचा दवाखाना होता, आणि तिथल्या पोरीने “कुठला दात दुखतोय?” असं विचारलं होतं. दुपारपर्यंत त्याचे खांदे पार उतरले होते. ‘पण रोझान ओळखेल बघ,’ एवढंच तो धरून बसला होता.

“मग आजच्या दिवस तुम्हीच रोझान व्हा ना,” गोदेलीव म्हणाली. “नुसती ओळख दाखवा. रस्सा जास्त आणि मेयोनीज वेगळं, असं घ्यायचा तो.”

“एवढंच ना?” बाईने ॲप्रनला हात पुसले. “येऊ दे त्याला. नाहीतरी मावशीचं नि माझं नाक एकच आहे.”

फिर्मिन आला. टपरीसमोर उभा राहून त्याने घसा खाकरला. तो काही बोलायच्या आत बाई ओरडली, “अगं बाई! फिर्मिन ना रे तू?”

फिर्मिनने टोपी काढली.

“रस्सा जास्त, मेयोनीज वेगळं! होतास कुठे मेल्या इतकी वर्षं?”

“बघ!” तो बायकोकडे वळला. “आणि रोझान, तू अजिबात बदलली नाहीस गं!”

खरी रोझान असती तर नव्वदीला टेकली असती. ही बाई पन्नाशीची होती. गोदेलीवने आभाळाकडे पाहिलं.

इथेच थांबलं असतं तर सगळं छान होतं. पण बाईला आता रंग चढला होता. पुड्यात फ्राइज भरून, त्यावर बीफचा दाट रस्सा ओतता ओतता तिने डोळा मिचकावला. “आणि ती कुठाय रे? तुझ्याबरोबर यायची ती?”

गोदेलीवने डोळे वटारले, पण बाईचं लक्ष पळीकडे होतं.

फिर्मिन कानापर्यंत लाल झाला. “हेरलिंद?” तो हळूच म्हणाला. “तीही आठवते तुला?”

“कोण हेरलिंद?” गोदेलीवने विचारलं.

“अगं, वर्गातली.”

“वर्गात पुष्कळजणी असतील.”

“हो ना. पण तिला… तिला फ्राइज फार आवडायचे.”

“माझा घोटाळा होतोय बहुतेक,” बाई घाईने म्हणाली. “इतकी पोरं यायची इथे, कुणाचं कोण—”

“छे छे, बरोबर आठवतंय तुला!” फिर्मिनने उलट तिलाच धीर दिला. “उंच, हिरवा कोट. हसली की सगळा चौक वळून बघायचा.”

बाईने मुकाट्याने आणखी एक पळी रस्सा ओतला.

पुडा घेऊन फिर्मिन पाण्याकाठच्या बाकाकडे निघाला. चाल पंचविशीतल्या पोराची झाली होती. गोदेलीव नॅपकिन घ्यायच्या निमित्ताने मागे राहिली.

“त्या मुलीचा विषय काढायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“चुकलंच हो ताई. जुनं गिऱ्हाईक म्हणून कुणीही आलं की मी हेच विचारते. प्रत्येकाची असतेच कुणीतरी. आधी लाजतात, मग खूश होतात, मग मोठा पुडा मागतात.” बाई पुढे झुकली. “बायको बरोबर असली की नाही विचारत. आज तोंडातून निसटलं.”

गोदेलीव बाकाकडे निघाली. खरं सांगून टाकावं, तिच्या मनात आलं. ही रोझान नव्हेच, हिने तुला जन्मात कधी पाहिलेलं नाही, की संपलं. एवढ्या वर्षांच्या संसारात इतकं धारदार हत्यार तिच्या हाती कधी लागलं नव्हतं.

बाकावर फिर्मिन शेजारच्या अनोळखी जोडप्याला सांगत होता, “तोंड उघडायच्या आत ओळखलं हो तिने मला! तोंड उघडायच्या आत!”

गोदेलीव त्याच्या शेजारी बसली.

“काय म्हणत होती रोझान?” त्याने विचारलं.

“म्हणाली, हेरलिंद तुझ्यापेक्षा जास्त खायची.”

फिर्मिनने मान डोलावली. “खायची खरी,” तो म्हणाला.

गोदेलीवने त्याच्या हातातून पुडा काढून घेतला. वरचे कुरकुरीत तुकडे बाजूला सारून तळाशी रश्श्यात मुरलेले, त्याच्या सगळ्यात आवडीचे, ती एकेक करून खाऊ लागली. फिर्मिन छोटा काटा हातात धरून नुसता बसून राहिला.