एकेक कुडी

सासूच्या मोत्याच्या कुड्या होत्या. वाटणीत एक थोरल्या सुनेला, मथुरेला मिळाली, दुसरी धाकट्या शर्मिलाला. तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं बंद, आणि कुड्या डब्यात. एकच कुडी कोण घालणार?

मथुरेच्या रियाचं लग्न ठरलं. "माझ्यासाठी डोंगर खणून नवा सोना काढूक नको. घरातलाच आटवा," म्हणत ती आईला आणि काकीला मालवणच्या सोनाराकडे घेऊन गेली. दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या.

सोनाराने दोघींच्या कुड्यांतले मोती काढले. मुशीत सोनं वितळलं, तसं दोघींनी एकदमच वाकून पाहिलं.

"आता ह्यात माझो वाटो खयचो?" काकी पुटपुटली.

रिया सोनाराला म्हणाली, "नथ करा. नथीचे वाटे घालूक जमाचे नाय."