शकुनचा रेडिओ

"आलं बघ पुन्हा!" गुरुदत्तांनी फोनवरच्या उलट्या अंगठ्यावर बोट टेकवलं. बंगाली गाणं पहिल्याच ओळीत गप्प झालं आणि मराठी भावगीत सुरू झालं. "तुझ्या रेडिओत कुणाला घुसू देणार नाही मी," ते फोटोतल्या शकुनला म्हणाले.

शकुनला जाऊन तीन महिने झाले होते. साड्या वाटून झाल्या. उरला तो तिच्या फोनवरचा रेडिओ, ऐकणाऱ्याची आवड ओळखून गाणी लावणारा. पुण्याला परतताना चिन्मय बजावून गेला होता, "बाबा, नको ते गाणं लागलं तर उलटा अंगठा दाबा, म्हणजे तसली गाणी येणार नाहीत. सहा वर्षं लागली आईला हा रेडिओ घडवायला. जपा." गुरुदत्त तो तळहातावरच्या फोडासारखा जपत होते. सकाळी चहाबरोबर लावला की शकुन घरात असल्यासारखी वाटे.

फक्त ही बंगाली गाणी मधेच कडमडायची. बँकेच्या बदलीनं बालीगंजला येऊन बावीस वर्षं झाली, तरी बंगालीच्या बाबतीत गुरुदत्त म्हणजे पालथा घडा. फोन कोलकात्यातला, म्हणून ती गळ्यात मारतात, अशी त्यांची खात्री. शकुन आणि बंगाली गाणी? छे! आधी दिवसाला दहा यायची. त्यांनी एकेक हुसकावलं. या आठवड्यात आलेलं हे एकच.

बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या सुचित्रादी प्राजक्ताची फुलं घेऊन आल्या होत्या. फोटोला फुलं वाहून त्या जरा वेळ ऐकत उभ्या राहिल्या.

"दादा, शकुनदी का बांग्ला गाना क्यों नहीं बजाते?"

"उसका?"

"और किसका? आप ऑफिस जाते थे, तब दोपहर भर वही सुनती थी. साथ में गाती भी थी. कितना मीठा गाती थी!" सुचित्रादींनी पदरानं डोळे टिपले. "मराठी गाना तो सुबह आपके लिए लगाती थी. बोलती थी, साहब को यही अच्छा लगता है."

शकुन गायची? एवढ्या वर्षांच्या संसारात गुरुदत्तांनी तिला साधं गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं.

सुचित्रादी गेल्या. गुरुदत्त फोन हातात धरून बसून राहिले. दाबलेला अंगठा परत कसा घ्यायचा, ते चिन्मयनं शिकवलं नव्हतं. "लाव गं," ते फोनला विनवू लागले. "एकदाच लाव. मी पूर्ण ऐकेन." चहा केव्हाच निवला होता.

भावगीत संपलं. त्यांनी श्वास रोखला.

पुढचं गाणं लागलं. तेही त्यांच्याच आवडीचं होतं.