भाद्रपदाचा वाफा

वाफा रिकामा होता. काल संध्याकाळी गुलाबी-जांभळ्या तेरड्याने गच्च भरलेला, आणि आज सकाळी नुसते खड्डे. चंद्रप्रकाशांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फुलं तोडली असती तर चार शिव्या घालून त्यांनी विषय सोडला असता. पण ही झाडं कोणीतरी मुळासकट उपटली होती. आणि तीही नेमकी आज!

मुलुंडच्या त्या सोसायटीत माती म्हणावी अशी गेटजवळची ती एकच पट्टी उरली होती. सेक्रेटरी श्रेयसला तिथे फरशी घालून गाड्या लावायच्या होत्या. "पावसात तिथे चिखलाशिवाय असतं काय, काका?" गेल्या वर्षी तो भर मीटिंगमध्ये म्हणाला. चंद्रप्रकाश ताडकन उठले. "बाराही महिने रंग दाखवतो! एक महिना जरी वाफा कोरा दिसला, तर खुशाल घाल फरशी." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ठरावाच्या वहीत तसं लिहूनही ठेवलं.

गिरणी बंद पडेपर्यंत ते रंगखात्यात होते. कशानंतर कुठला रंग चढवायचा, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. कार्तिकात झेंडू, पौषात शेवंती, फाल्गुनात बोगनवेल, वैशाखात चेंडूएवढी तांबडी लिली, आषाढात कर्दळ. प्रत्येक वेळी श्रेयसला हाक मारून, खाली बोलावून दाखवलं. अडला तो भाद्रपद. नर्सरीतून जे आणलं ते पावसाने कुजलं. शेवटी कणकवलीजवळच्या गावाहून बांधावरच्या तेरड्याचं बी आणून पेरलं, तेव्हा कुठे जमलं. आज दहाला कमिटी हा शेवटचा महिना बघायला येणार होती.

वाफ्यापासून जिन्यापर्यंत चिखल सांडलेला होता. ते त्या मागावर निघाले. पहिला मजला, दुसरा मजला. प्रत्येक मजल्यावर दोन-तीन दारांपाशी थोडा थोडा चिखल, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. सगळ्यात जाड माग तिसऱ्या मजल्यावर गेला आणि श्रेयसच्या दारात थांबला.

"हलकट!" चंद्रप्रकाशांनी दारावर मूठ आपटली. "सरळ जिंकता येईना म्हणून चोरी करतोस?"

दार उघडंच होतं. तोंडात ब्रश धरून श्रेयस बावळटासारखा उभा होता. उंबऱ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली होती. पावलांच्या शेवटी पाट, आणि पाटावर त्यांचा तेरडा. मुळं धुतलेली, जुडी बांधलेली, तिला हिरवं लुगडं नेसवलेलं. शेजारी श्रेयसची आई, नीलावहिनी बसल्या होत्या. त्यांच्या नखांत अजून माती होती.

आज गौरी यायचा दिवस. कोकणात गौर म्हणजे मुळासकट आणलेला तेरडा. बागेच्या नादात चंद्रप्रकाश ते पार विसरले होते. दर भाद्रपदात गावी जाणाऱ्या नीलावहिनी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे यंदा इथेच अडकल्या होत्या. खालच्या मजल्यांवरच्या कोकणातल्या बायकांना बरोबर घेऊन त्यांनी वाफा वाटून घेतला होता. हे सगळं लक्षात आलं तरी चंद्रप्रकाशांचा राग तसूभर उतरला नाही.

"निदान विचारायचं तरी, वहिनी!"

"ओरडतंस कित्याक, चंदू? गौर घरात इली आसा." नीलावहिनींचाही आवाज चढला. "कोकणातलो माणूस तू. भादव्यात दाराशी तेरडो लावलंस, तर आमी बायकांनी नुसतां बघीत रवाचां?"

"बघत राहायचं नाही, तर आता फरशी बघा!" चंद्रप्रकाशांनी खाली गेटकडे बोट दाखवलं. "वर्षभर घाम गाळला मी. दहाला कमिटी येईल, वाफा कोरा बघेल, आणि तुमचा हा मुलगा तिथे गाड्या लावेल. कायमच्या!"

श्रेयसने ब्रश तोंडातून काढला. "काका, ठराव तुमचाच होता..."

नीलावहिनी पाटाला धरून उठल्या. गुडघा दुखत होता, तरी त्या मुलाच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आणि फुडल्या वर्षी गौर मी खंयसून आणू रे, श्रेयस? तुझ्या गाडीखालसून?"