ओडेसाबाईचा लेक सिनेमात

सिनेमा अर्धा सरला तरी ओथाचं तोंड काही पडद्यावर येईना, आणि शेजारी बसलेल्या आईकडे बघायची त्याची छाती होईना.

आईने, म्हणजे ओडेसाबाईने, लेक सैन्यातून रजेवर आल्याबरोबर अख्खं चर्च गोळा करून आणलं होतं. पाद्रीबाबा, भजनातल्या बायका, आणि मुद्दाम आग्रह करकरून आणलेली शेजारीण लव्हिनिया. सगळे मागच्या गल्लीतल्या जिन्याने वर चढून बाल्कनीत बसले होते. खाली मऊ खुर्च्यांवर गोरे, वर बाकड्यांवर काळे. दुसरं महायुद्ध ऐन भरात असलं तरी अलाबामातल्या थिएटरांत त्याने काही फरक पडला नव्हता. "आमचा ओथा सैन्याच्या सिनेमात आहे बरं का!" हे ओडेसाबाईने भेटेल त्याला थांबवून सांगितलं होतं.

आणि पडद्यावर काय? कप्तान गोरा, स्वयंपाकी गोरा, शिपाई झाडून सगळे गोरे. मेलं खेचरसुद्धा पांढरं शोधून आणलेलं.

"काय गं ओडेसा," लव्हिनिया शेंगा सोलत म्हणाली, "तुझा लेक कुठल्या झुडपामागे दडलाय?"

ओथाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दडला तर तो होताच, पण ट्रकमागे. त्याच्या काळ्या पलटणीला सैन्याने बंदुका दिल्याच नव्हत्या, फावडी दिली होती. ओथा आरोळी द्यायचा, बाकीचे साथ द्यायचे, फावडी एका ठेक्यात पडायची आणि बघता बघता रस्ता तयार. ती आरोळी छावणीत आलेल्या सिनेमावाल्यांच्या कानावर गेली. त्यांच्या सिनेमातल्या गोऱ्या सार्जंटचा आवाज फाटका. त्याच्या हाकेवर सिनेमातल्या पलटणीची पावलंच जुळत नव्हती.

"ए पोऱ्या," दिग्दर्शकाने तिशीतल्या ओथाला फर्मावलं, "ट्रकमागून आरोळी दे. पण बाहेर डोकावलास तर याद राख!"

तरी ओथाला आपली भाबडी आशा. एखादा क्षण तरी दाखवतील, एवढं राबवून घेतलंय! त्याच भरात त्याने घरी कळवून टाकलं होतं. आता भोगा!

"आई, ऊठ, जाऊ या," तो कुजबुजला. "त्यांनी मला घेतलंच नाही. माझ्यामुळे तुझं हसं झालं."

"गप बस रे. संपू दे की," ओडेसाबाई म्हणाली. पण तिचाही आवाज आता पडला होता.

तेवढ्यात पडद्यावर भुऱ्या केसांचा सार्जंट पुढे आला. छाती फुगवून त्याने तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून ओथाचा आवाज बाहेर पडला!

"सांगा रे, मी लेक कुणाचा?"

ओथा ताडकन सरळ बसला. अरे देवा! काळ्या कामकऱ्यांच्या टोळीत आरोळी देणारा आधी आपल्या आईचं नाव घेतो, मग गावाचं. त्याशिवाय कुणी फावडं उचलत नाही. ट्रकमागेही ओथाच्या तोंडून सवयीने तेच गेलं होतं. सिनेमावाल्यांना वाटलं, असेल काहीतरी गाणं. त्यांनी ते जसंच्या तसं सार्जंटच्या तोंडी बसवलं होतं.

"ओडेसाबाईचा लेक रे मी!" भुरा सार्जंट गरजला. "सँडी क्रीकचा गडी रे मी!"

"ओडेसाबाईचा लेक रे!" गोऱ्या पलटणीने पाय आपटत साथ दिली.

अशी आरोळी ऐकून गप्प बसणं सँडी क्रीकच्या माणसांना जमतंय थोडंच! पहिले पाद्रीबाबाच उठले. मग भजनातल्या बायका उठल्या, बाकडी दणाणली, आणि अख्खी बाल्कनी गर्जली, "ओडेसाबाईचा लेक रे!" खालच्या गोऱ्या माना चकित होऊन वर वळल्या, पण त्यातल्या काहींचे पाय केव्हाच ठेका धरून बसले होते. ओथाला हसू आवरेना. आनंदाने त्याने आईचा हात घट्ट धरला.

लव्हिनियाच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. "अगं बाई! हा... हा गं कोण?"

ओडेसाबाईने पदर नसला तरी पदर सावरल्याच्या थाटात खांदे ताठ केले.

"तोंडाला पावडर जरा जास्तच थापलीय मेल्यांनी," ती म्हणाली, "पण पोरगा माझाच!"