हरकतीसाठी एक मिनिट

“गप्प बसा रे, आपलाच विषय निघालाय!” सगळं बेट जिला नानाय, म्हणजे आई, म्हणायचं ती सोफ्रोनिया ओरडली, आणि निम्फाच्या दुकानासमोरची गर्दी चिडीचूप झाली.

टीव्हीवर नगरपरिषदेचं सभागृह दिसत होतं. सभापती सेलेदोनियो मधोमध बसला होता. लोकांसाठी मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या होत्या, कारण त्यांत बसणारी सगळी माणसं आज इथे, बेटावर, वाळलेली मासळी चघळत टीव्हीपुढे बसली होती. विषय होता बेटाच्या दक्षिणेकडची वाळू उपसायला जहाजांना परवानगी देण्याचा. वाळू गेली की किनारा जाणार, किनाऱ्यावरची अठ्ठावीस घरं जाणार. त्यांच्या मागे दफनभूमी. तिथे नानायचा नवरा आणि दोन लेकरं होती.

चार वेळा हा विषय आला आणि चारही वेळा नानायने तो अडवला. बेटावरच्या एकाने जरी सभेत हरकत घेतली तरी आधी बेटावर येऊन सुनावणी घ्यायची, असा नियम होता. परिषदेत सुनावणी कुणालाच नको होती, म्हणून विषय पुढे ढकलला जायचा. त्या एका वाक्यासाठी नानाय दुखऱ्या गुडघ्यांनी दोन तास होडीत बसायची. आणि परत आली की शेजारचा म्हातारा पिलो म्हणायचा, “तू तिथं बोलतेस की नुसती हवा खाऊन येतेस, कोण बघायला आलंय?”

हे तिला फार लागायचं. म्हणून तिनेच मागणी लावून धरली, की सभा नेटवर सगळ्यांना दाखवा आणि फोनवरून घेतलेली हरकतही धरा. दोन वर्षं चपला झिजवल्या, सातशे सह्या जमवल्या. नियम झाला. हरकतीसाठी सभापतींनी एक मिनिट थांबलंच पाहिजे, असंही त्यात आलं. तो कागद नानायने संत रोकेच्या तसबिरीमागे जपून ठेवला होता.

सगळ्यात नवल सेलेदोनियोचं. आधी या नियमाला त्यानेच पाय आडवा घातला होता. पण नियम झाला आणि गडी बदलला. मागच्या आठवड्यात तो स्वतः बेटावर आला. सोबत मोठा टीव्ही आणि नेटचा डबा, दोन्ही फुकट. “नानाय, आता कशाला उंबरे झिजवता? घरी बसा. आम्हाला बघा, पटलं नाही तर फोन करा. दारियो बसलेलाच असतो फोनपाशी.”

चित्र नीट येतंय का, हेसुद्धा त्याने जातीने पाहिलं. टीव्हीवर रिकाम्या सभागृहात कारकून दारियो एकटाच उभा होता. सेलेदोनियोने फोनवर त्याला सांगितलं, “हं, हात वर कर.” दारियो नुसता उभा. सेलेदोनियो मनगटावरचं घड्याळ बघत थांबला. चांगली दोन-तीन मिनिटं गेली. मग दारियोचा हात वर आला.

“सरकारी माणूस!” पिलो म्हणाला. “हात वर करायलाही वरून हुकूम यावा लागतो!”

सगळे पोट धरून हसले. सेलेदोनियोही हसला, आणि त्याने खिशातल्या वहीत काहीतरी टिपून घेतलं.

आता टीव्हीवर त्याने वाचन संपवलं. चष्मा काढला. “आजचा हा शेवटचा विषय. कुणाची हरकत?” रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवून तो थेट समोर बघत म्हणाला, “नियमाप्रमाणे आपण एक मिनिट थांबू.” मनगटावरचं घड्याळ काढून त्याने टेबलावर ठेवलं.

“नानाय, लाव फोन!”

नानायने नंबर आधीच दाबला होता. आवाज खणखणीत निघाला. “हरकत आहे! मी सोफ्रोनिया बोलतेय. ऐकताय ना? माझी हरकत आहे!”

टाळ्या पडल्या. निम्फाने फुकट लिमलेटच्या गोळ्या वाटायला घेतल्या. पिलोने तर नानायच्या पाठीवर थाप मारली. “मानलं बुवा तुला. आज डोळ्यांनी बघितलं.”

फोनमध्ये खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. दारियो म्हणाला, “नानाय, तुम्ही उशीर केलात. मिनिट संपलं. विषय मंजूर झाला.”

“काहीतरीच काय बोलतोस? आत्ता तर विचारलं त्यांनी!”

“सभा उठली, नानाय. साहेब खाली गेले जेवायला.”

नानायने टीव्हीकडे पाहिलं. सेलेदोनियो जागेवरच होता. हातांची घडी घालून, शांतपणे, घड्याळाकडे बघत.

“अरे, माझ्या डोळ्यांसमोर बसलाय तो! वाट बघतोय! दे त्याला फोन!”

इकडे लोक ओरडत होते, “बोल नानाय, बोल, अजून थांबलाय तो!” ती मात्र फोन कानाशी घट्ट धरून उभी होती.

दारियोचा आवाज अगदी खाली आला. “नानाय, त्या दिवशी साहेबांनी सांगितलं ना, तेव्हा मी हात लगेच वर केला होता.”